कुटुंबाच्या दाखल्यातलं नाव

रोविगो, १९ जुलै २०२३

प्रिय दुइलिओ,

बरा आहेस ना? इथे उकाड्याने जीव नकोसा झालाय. आईचे गुडघे सोडले तर तिचं उत्तम चाललंय. चार वर्षांनी लिहिते आहे, आणि तेही हाताने, कारण फोनवर मी मुद्द्यापाशी येऊन हवापाण्यावर घसरेन.

आधी बातमी. तुझी भाची इंजिनीअर झाली! काल पाडोव्यात निवेसला एकशे दहापैकी एकशे दहा मिळाले, वर गौरवाचा शेरा. परीक्षकांनी निकाल वाचला तेव्हा आई एवढ्या जोरात "आमची आहे ती!" म्हणाली की एक प्राध्यापक हसला.

मग बाहेर रस्त्यावर नेहमीचा धिंगाणा. डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट, अंगात माझा जुना नाइट गाऊन, आणि भिंतीवर मित्रांनी चिकटवलेला पापिरोचा भलामोठा कागद. माझ्या वेळचा तुला आठवत असेल. त्यात जन्मापासूनच्या सगळ्या भानगडी यमक जुळवून लिहिलेल्या असतात आणि त्या पोरीनेच मोठ्याने वाचायच्या. अडखळली की वाइनचा घोट. निवेस झकास वाचत होती. एका ओळीवर मात्र थबकली.

"घोट! घोट!" पोरं ओरडली.

तिने माझ्याकडे पाहिलं, घोट घेतला आणि वाचलं:

"फी झाली डोक्यावर, आईने काढली युक्ती,
मामाला कागदावरून दिली कायमची मुक्ती!"

सगळे हसले. आई माझ्या शेजारीच उभी होती.

दुइलिओ, दाखल्यातून तुझं नाव आपल्या आईने नाही काढलं. मी काढलं.

तू मोनफाल्कोनेला जाऊन तीस वर्षं झाली होती, पण नगरपालिकेच्या दाखल्यात तू आमच्याच घरात राहत होतास. 'नाव तरी घरात राहू दे' हा आईचा हट्ट. त्यामुळे निवेसची फी ठरवताना तुझा पगार आमच्या उत्पन्नात धरला गेला. वर्षाला पावणेतीन हजार युरो. पहिल्या वर्षी बाबांची गाडी विकून भरले. दुसऱ्या वर्षी विकायला काही नव्हतं. मी अर्ज केला, की हा माणूस इथे राहत नाही. फी दोनशेच्या आत आली.

अर्ज खोटा नव्हता. तुला न सांगता केला, हे खोटं होतं.

एक फोन केला असता तर तू स्वतःच नाव हलवलं असतंस. मला ठाऊक होतं. पण बाबांना पाडोव्यात एकाचीच खोली परवडत होती. मी शिकायला गेले, तू जहाजाच्या कारखान्यात वेल्डिंगला, आणि दर महिन्याला मला पैसे पाठवत राहिलास. त्याच पगारामुळे आता माझ्या मुलीची फी वाढते, हे तुला कुठल्या तोंडाने सांगणार होते? आणि नाव गेल्याचं कळून तू फोनवर भडकलास, आईने 'हो, मीच काढलं' म्हणून टाकलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. नळ बंद केला नाही. हे मी कितीदा वहीत लिहिलं आणि पान फाडलं.

काल मी आईला म्हटलं, "तुला कळलं होतं?"

"तो खरंच इथे राहत नाही का हे बघायला नगरपालिकेचा पोलीस आला तेव्हा तू लायब्ररीत कामावर होतीस. त्याच्या कागदावर तुझी सही होती. मीच त्याला म्हटलं, नाही राहत हो, त्याच्या खोलीत नात अभ्यास करते."

"मग दुइलिओला माझं नाव का नाही सांगितलंस?"

"वाटलं, आईवर किती दिवस रुसेल? नाताळपर्यंत! गाढव निघाला. बापावर गेलाय." मग डोळे पुसत म्हणाली, "पोरगी पूल बांधणार आहे. तेवढ्यासाठी नाव गेलं तर गेलं. माणूस का गेला? आता तू लिही. मी माझी शिक्षा भोगली."

पुन्हा तीच वेळ आली तर अर्ज करीन का? करीन. पण आधी तुला फोन करीन, आणि रडेन.

माफी पत्रातून मागणार नाही. रविवारी दुपारी आम्ही तिघी मोनफाल्कोनेला येतोय, मुकुटासकट. मला आत घ्यायचं की नाही ते तू ठरव. त्या दोघींना घ्यावंच लागेल. निवेस म्हणते, मामा दार उघडेपर्यंत ती घंटेवरचं बोट काढणार नाही.

एकदा तुझ्या पगारावर, एकदा तुझं नाव खोडून शिकलेल्या घरातून,
तुझी
ओर्नेल्ला