जुन्या पोळ्याचा वास

२ फेब्रुवारी
दुपारी अणदूरला पोचले. शेताचे मालक कल्याणप्पाकाका मोटरसायकल घेऊन स्टँडवर आले होते. माळावरची खोली लहान पण स्वच्छ आहे. समोर दोन एकर कांदा, बियाण्यासाठी ठेवलेला. गोंडे अजून मिटलेले. ते फुलतील तेव्हा मधमाशी बसली नाही तर बी धरत नाही, आणि या माळावर माशी उरलेली नाही. दहा दिवसांत मोहोळ आणून बसवायचं, एवढंच माझं काम. जमलं तर बियाणे कंपनीत कायम होईन. काकांच्या बायको, गजराबाई, आल्या आल्या गवती चहा घेऊन आल्या. देवश्री, लई वाळकी हाईस गं, म्हणाल्या. परंड्याला खायला घालत न्हाईत व्हय? खूप दिवसांनी कुणीतरी माझ्यासाठी थांबलं होतं, असं वाटलं.

३ फेब्रुवारी
तीन रिकाम्या पेट्या झाडांना बांधल्या. आतून मेण चोळलं, गवती चहाच्या तेलाचे चार थेंब सोडले; त्या वासाला माशी येते. जुन्या पोळ्याचा तुकडा हवाच. जिथे माश्या राहून गेल्या, तिथे माश्यांचा भरवसा बसतो. काकांनी गोणपाटात गुंडाळलेलं पोळं दिलं. काळं, जड. गेल्या वर्षी माझ्या जागी यज्ञेश होता, त्याच्या वेळचं. मोहोळ बसलं आणि तो न सांगता निघून गेला. शहरातली पोरं, त्यांचं काय खरं हाय, काका म्हणाले. गजराबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

६ फेब्रुवारी
पहिल्या पेटीवर माशी आली. थवा मागे कुठेतरी फांदीला लटकून असतो; घर शोधायला थोड्याच पुढे येतात. ही वीस मिनिटं आत होती. अशी माशी भिंतींवरून चालत जागा मोजते. मग आणखी सात आल्या. संध्याकाळी एकही नाही.
साबण लावू नगंस, माशी बिचकती, असं गजराबाई म्हणतात. त्यांनी उन्हात बसवून माझ्या डोक्याला तेल लावलं. तेलालाही गवती चहाचा वास.

८ फेब्रुवारी
पेट्या रिकाम्याच. माश्या खोलीत येतात. माझ्या उशीवर बसतात. दुपारी अभ्रा उसवला. कापसात काळ्या पोळ्याचे तुकडे होते. गजराबाई म्हणाल्या, त्यानं झोप चांगली लागती, आमच्यात करत्यात.
आमच्यात नाही करत.

९ फेब्रुवारी
उरलेलं पोळं बाहेर काढून नीट पाहिलं. पोळं ज्या पोकळीत वाढतं तिचा आकार घेतं. हे वरपासून खालपर्यंत सलग आहे, आणि कडेला वाकड्या खाचा आहेत. सारख्या अंतरावर. काकांना विचारलं. वढ्यात गाय मेली व्हती, तिच्या सापळ्यात बसलं व्हतं. सांगितलं असतं तर तू हात लावला असतास व्हय? ते हसले. मीही.
खोलीत येऊन खाचा मोजल्या. गाईला बरगड्यांच्या तेरा जोड्या, माणसाला बारा. पदविकेच्या पहिल्याच वर्षी शिकवतात.
पुन्हा मोजल्या.
बारा.

१० फेब्रुवारी
यज्ञेशचा फोन लागत नाही. सकाळच्या तुळजापूर गाडीने जायचं ठरवलं, पिशवी भरली. नको म्हटलं तरी गजराबाईंनी चहा पाजला. उठले तर पाय नाहीत. म्हणजे आहेत, पण उचलत नाहीत. त्यांनी मला खाटेवर निजवलं, पांघरूण घातलं. माझा फोन घेऊन गेल्या, चार्जिंगला.
बाहेरून कडी.
खिडकीतून दिसतं. गोंडे फुललेत.

११ फेब्रुवारी
सकाळचे दहा. एक माशी आली. हनुवटीवरून ओठांवर. दात आवळून धरले. मग छातीवर. खालून वर, वरून खाली. चालतेय.

साडेअकरा. पन्नासेक. डसत नाहीत; हाकलल्या तर चिडतील. ओरडायचं तर तोंड उघडावं लागेल.
खिडकीशी गजराबाई रडतायत. काका त्यांना म्हणाले, गेल्या सालीबी रडलीस. माल निघाल्यावर गप झालीस का न्हाय?

बारा. थवा आलाय. समोरच्या लिंबावर, घागरीएवढा. अजून हललेला नाही. या पसंत करतील तेव्हा —

लहान जागा त्या घेत नाहीत. नाकारतात. म्हणून श्वास सोडला. सगळा. छाती आत गेली. पुन्हा मोजतायत. मोजा. मी लहान आहे. खूपच लहान —

दोन परत गेल्या

डोळ्यांपुढे काळं. श्वास घ्यायचा नाही. तोंड मिटून, नाकाने, थोडासाच —