झेंडूची रांग

बाबा, आज जेट्टीवर चहा झाल्यावर आमच्यातल्या एका वेल्डरने कागदी कप पाण्यात भिरकावला, आणि सेफ्टीचा माणूस त्याच्यावर असा ओरडला की सगळे उठून उभे राहिले. केरळचा आहे, निवृत्तीला टेकलेला, जुन्या बोटींचं भारी वेड. ओरडून झालं की त्याला गोष्ट सांगायची असतेच. म्हणाला, महायुद्धात सैनिक नेणाऱ्या बोटींवरून दिवसा काहीही फेकायला सक्त मनाई होती. हजारो माणसांचं खरकटं दिवसभर पिंपांत कोंबून ठेवायचे आणि काळोख पडला की एकदम ओतायचे. दिवसा टाकलं तर साली तासन् तास तरंगत राहतात, आणि शत्रूच्या पाणबुडीला बोटीचा माग लागतो. बाकीचे हसत कामाला गेले. मी मात्र बसूनच राहिलो. उन्हानं डोकं आधीच उठलं होतं. अठ्ठावन्न वर्षांचा झालो, अर्धं आयुष्य कुवेतच्या या मीना अल-अहमदी बंदरात गंज खरवडण्यात गेलं, आणि माझ्या बापाचं बोलणं मला परक्या माणसाने समजावून सांगावं!

तुम्ही मला एकदाच मारलंत. होडीतून मामाच्या गावी जात होतो, मी आठ वर्षांचा असेन. शहाळं पिऊन झालं आणि मी ते खाडीत टाकलं. फाडकन कानाखाली बसली, मामीसमोर. "दिवसाढवळ्या दर्यात काय टाकूचा नाय!" मग तुम्ही मागे वळून त्या तरंगत्या शहाळ्याकडेच बघत राहिलात. मला वाटलं रागाने. मी कितीतरी दिवस तुमच्याशी बोललो नाही, आणि खरं सांगायचं तर पुढेही कधी धड बोललोच नाही. तुम्ही तरुणपणी बोटीवर खलाशी होतात, मुंबईहून बसऱ्याला पलटणी नेत होतात, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सैनिक जेवायच्या टेबलांच्या वरच झोळ्या टांगून झोपत, त्यांना बोट लागली की तुम्ही पाइप मारून फळ्या धूत होतात, हे तुम्ही सांगायला लागलात की आम्ही एकेक करून उठायचो. अहो, याच पाण्यातून गेलात तुम्ही. पलीकडच्या बंदरात अजूनही परदेशी लष्कराची राखाडी बोट लागते, पण तिच्यातून नुसत्या गाड्या उतरतात. सैनिक आता विमानाने येतात.

मी कुवेतला निघालो त्याच्या आदल्या दिवशीची दुपार. आई चुलीपाशी बांगडे तळतेय, मी पाटावर, तुम्ही उंबऱ्यात बसून कांदे सोलताय. सालींकडे बघत तुम्ही म्हणता, "एकदा मी टाकलंय रे. टोपलीभर साली. सकाळच्या वक्ताक, कोणाचा लक्ष नाय बघून. दुसऱ्या दिवशी आमच्या मागची बोट बुडाली." आणि मी काय म्हणालो? "कांद्याच्या सालीनं बोट बुडते होय, बाबा?" आई हसली, मीही हसलो. तुम्ही साली गोळा करून उठून गेलात. त्या बोटीवर किती माणसं होती, तुमच्या ओळखीचं कोणी होतं का, काही म्हणजे काही विचारलं नाही मी. त्या सालींमुळेच बुडाली का, हे कोणाला सांगता आलं असतं? पण तुम्ही ते ओझं चाळीस वर्षं वाहिलंत आणि मला दाखवायला गेलात तर मी दात काढले. लाज वाटते हो.

शेवटच्या भेटीत तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "माका काळोख पडल्यावरच सोड." मी म्हटलं, बघू. म्हाताऱ्याचं खूळ, दुसरं काय! पुढे तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा कंपनीने बारा दिवसांची रजा दिली. दहाव्याला तुमच्या अस्थी घेऊन होडीत बसलो तेव्हा डोक्यावर टळटळीत ऊन होतं. आईला मी सांगितलं की भटजींना पुढे दुसऱ्या गावी जायचंय, थांबता येणार नाही. तुम्हाला सोडलं आणि वर झेंडूची फुलं टाकली. परत फिरताना मागे पाहिलं, तर फुलांची लांबच लांब रांग पाण्यावर तरंगत होती, पार तुमच्यापर्यंत. छान दिसतंय, असं वाटलं होतं मला तेव्हा.

आता हे पत्र टाकणार कुठे? घडी घालून पेटीत ठेवीन, पुढच्या महिन्यात कायमचा घरी निघालो की बरोबर येईल. एक राहिलं. भटजींना कुठेही जायचं नव्हतं, बाबा. ते म्हणाले होते, वडिलांची इच्छा आहे तर दिवेलागणीपर्यंत थांबू, माझी काही हरकत नाही. मीच म्हटलं, आत्ताच उरकून टाकू. दमलो होतो, घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.