बरी असल्याचं सर्टिफिकेट

१४ जुलै, लातूर

माझ्या बहिणीनं, सुनंदानं, बाबांच्या जमिनीत हिस्सा मागितला, भांडली, रडली. मी तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी झोप विचारली, भूक विचारली. भांडण कशाचं, ते विचारलं नाही. मी कशाला सांगू? पांढरी गोळी सुरू झाली, घर शांत झालं.

आज हक्कसोडपत्रावर तिची सही घ्यायची, तर वकील म्हणतो, "येडी म्हणून गावभर तुम्हीच सांगितलं. आता बरी असल्याचं सर्टिफिकेट आणा."

पुन्हा डॉक्टर.

"अजून भांडतात?"

"नाही."

"मग बऱ्या आहेत."

लिहून दिलं. लाज वाटली का मला? नाही, सुटल्यासारखं वाटलं.

जिन्यात सुनंदानं ती पांढरी गोळी माझ्या तळहातावर ठेवली.

"दादा, आता कागदावर बरी हाय ना मी? मग माझा हिस्सा दे."