वाकडं कसं कापू

ते खोडा. ‘स्थावर’ आधी लिहा, ‘जंगम’ नंतर. आणि कटिंगचं टेबल कशात मोडतं हे मला विचारू नका. ते याच खोलीत बांधलं, दारातून बाहेर निघणार नाही, म्हणून माझ्या मते स्थावर.

हे मी सांगते आहे आणि खालच्या औषधांच्या दुकानातल्या बाई लिहून घेत आहेत. आयुष्यभर डॉक्टरांची अक्षरं वाचल्यामुळे त्या स्वतः फार सुवाच्य लिहितात. दुसरा साक्षीदार किल्लीवाला. तो माझ्या पुढच्या खोलीचा भाडेकरू आहे.

माझं वय चोपन्न. धंद्याने कटर, पुरुषांचे कोट आणि पँटी. पंचवीस वर्षं कापड कापलं, गेली सहा वर्षं संधिवाताने घरी आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हात नाहीत, पण मृत्युपत्राला डोकं पुरतं. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. किल्लीवाल्याने दोनदा चहाची आठवण केली, त्याला दबाव म्हणत नाहीत.

आजच का, तर दुपारी पत्र आलं. निर्वाहभत्ता नाकारला होता, त्यावरचं माझं अपील मान्य झालं आहे. उद्या सकाळी साडेनऊला समितीपुढे फेरतपासणी. पत्र मी चार वेळा वाचलं, मग खाली जाऊन बाईंकडून वाचून घेतलं, मग जिना पुन्हा चढले आणि वर आल्यावर लक्षात आलं की कठड्याला हात लावला नव्हता.

कलम पहिलं, घर. वडिलांनी ते दादाच्या आणि माझ्या नावे निम्मं निम्मं ठेवलं. दादाने गिऱ्हाईक आणलं आहे. किल्लीवाल्याचं भाडं औषधांत जातं, वरचा खर्च दादा पाठवतो, आणि त्याचंही वय झालं. म्हणून मी शब्द दिला होता: निर्वाहभत्ता मिळाला नाही, तर उद्या चार वाजता येऊन विक्रीवर सही करीन. मिळाला, तर भत्ता आणि भाडं मिळून माझं भागतं. मग घर विकायचं नाही. मग माझा निम्मा हिस्सा, टेबलासकट, माझ्या पुतणीला. दादाला नाही, त्याच्या मुलीला. दादाने यावर हसून घ्यावं.

सहा वर्षांत वाटून द्यावं असं माझ्याकडे काही आहे, असा हा पहिलाच दिवस. म्हणून घाई. किल्लीवाला म्हणतो, “मास्तर, बाजारात तुरी.” असू देत. बाजारापर्यंत तरी आल्या.

कलम दुसरं, जंगम. शिलाई मशीन लिहू नका, ते पहिल्या वर्षी गेलं. वाफेची इस्त्री दुसऱ्या. आरसा तिसऱ्या, तो नेणाऱ्याने विचारलं, आता गिऱ्हाईक स्वतःला कुठे बघणार? मी सांगितलं, गिऱ्हाईकच नाही. बांगड्या विकल्या तेव्हा त्या सांध्यांवरून चढेनाशा झाल्या होत्या, त्यामुळे वाईट वाटायचं कारण उरलं नव्हतं. पाचव्या वर्षापासून गोळी एक दिवसाआड घेते, म्हणजे महिन्याची दोन महिने पुरते.

हे बाईंना आत्ता, लिहिताना कळलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटायचं की तुम्ही दुसऱ्या दुकानातून घेता, म्हणाल्या. मी म्हटलं, लिहा. त्या म्हणाल्या, “हे मी लिहिते, ताई, पण उद्या खाली या. मला तुम्हाला चार शब्द सुनावायचे आहेत.” हेही लिहून घेतलं आहे.

कलम तिसरं. दहा इंची कात्री पुतणीला. तिने कागद कापू नये. कागदाने धार जाते, आणि गेलेली धार परत आणणारा माणूस आता या रस्त्यावर नाही.

कागदावरून आठवलं, म्हणून पहिल्या तपासणीचं इथेच सांगून टाकते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. समितीच्या डॉक्टरांनी एक कोरा कागद दिला, त्यावर पेन्सिलीने गोल काढला आणि एक कात्री पुढे केली. बोथट, खिळा सैल, कचेरीत पाकिटं फोडतात तसली. म्हणाले, कापा. मी तपासणीसाठी तीन दिवस हात राखला होता. भांडी घासली नाहीत, केस विंचरले नाहीत. एखाद्या लग्नाच्या कोटाआधी राखायची तसा. कात्री हातात आली आणि मी विसरले की कशाला आले आहे. अशा कात्रीला एकच उपाय असतो: कात्री धरून ठेवायची आणि कागद फिरवायचा. मी फिरवला. गोल निघाला. डॉक्टरांनी तो उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, वा. मला आनंद झाला. चार वर्षांत माझ्या कामाला कोणी वा म्हटलं नव्हतं.

अहवालात आलं: हातांची हालचाल समाधानकारक, काम करण्यास सक्षम. नंतर अकरा दिवस मला पेला उचलता आला नाही. ते अकरा दिवस अहवालात नाहीत.

दादा त्या दिवशी बाहेर बाकावर बसला होता. घरी येताना त्याने सगळं ऐकून घेतलं आणि रस्त्यातच थांबला.

“अगं, कापता येत नाही हे दाखवायला गेली होतीस ना तू?”

“हो.”

“मग?”

“मग वाकडं कसं कापू?”



कलम चौथं, दादा. त्याआधी दोन वर्षं तो म्हणत होता की घरात बसून बसून माझे हात आखडले, जरा काम केलं की सुटतील. ते वाक्य मी जपून ठेवलं होतं. ते त्याचं त्याला परत देते. शिवाय त्याच्या काळ्या कोटाचा कागदी खाका आतल्या खुंटीवर आहे. पोट सुटण्याआधीचा आहे. फेकू नये.

कलम पाचवं, माझ्यासाठीच. मागच्या वेळी हात राखला ती चूक झाली. मी त्यांना माझा सगळ्यात चांगला दिवस नेऊन दाखवला. या वेळी जसा हात आहे तसा नेणार. नाटक करणार नाही. सकाळी गोळी घेणार, कालही घेतली आहे. फक्त जिथे दुखेल तिथे थांबणार. आजवर कापड अर्ध्यात सोडलं नाही, तेव्हा हे मला जमेल की नाही, सांगता येत नाही. सकाळपर्यंत वेळ आहे.

बाई म्हणतात, अंगठा चालतो. मी अंगठा देणार नाही. तिन्ही पानांवर सही करते, पूर्ण नावाने, वेळ लागला तरी.

(सही. तिसऱ्या पानावरची पुसट आहे, ती माझीच आहे.)

हे आमच्या समोर सांगितलं, वाचून दाखवलं आणि सही केली:
१. औषधांच्या दुकानातल्या बाई, लेखनिक आणि साक्षीदार (सही)
२. किल्लीवाला, साक्षीदार (सही)

स्थळ: कटिंगची खोली, पहिला मजला.
दिनांक: तपासणीचा आदला दिवस, मंगळवार, दुपारी साडेचार.

बुधवारची नोंद. ही मृत्युपत्राचा भाग नाही. या वेळी डॉक्टरांनी एक शर्ट दिला आणि बटणं लावायला सांगितलं. मी एक लावलं, दुसरं काजात निम्मं गेलं. डॉक्टर म्हणाले, प्रयत्न करा. मी म्हटलं, “नाही. जमत नाही.” शर्ट तसाच टेबलावर ठेवला. त्यांनी दोन्ही हात दाबून पाहिले, बराच वेळ लिहिलं आणि सांगितलं की भत्ता मंजूर होतो आहे, आदेश पंधरा दिवसांत येईल. तिथूनच दादाला फोन केला की चार वाजता येत नाही. मग त्याने विचारलं, जेवलीस का. मी नाही म्हटलं, आणि तो डबा घेऊन आला.