जुना सातदरवाजा, नवा सातदरवाजा

९ ऑगस्ट १९८७, रविवार

आला एकदाचा! सातदरवाज्याचा दुसरा भाग! ईदला मस्कतहून आलेला फक्रू आज परत गेला, आणि रिक्षात बसता बसता खिशातून कॅसेट काढून माझ्या हातात ठेवली. लबाड! आधी दिली असती तर बहिणीनं ईदचा स्वयंपाक केला नसता, हे भावाला बरोबर ठाऊक.

मागच्या वर्षी कॉम्प्युटरही त्यानंच आणला. टी.व्ही.ला जोडायचा, टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची, पाच मिनिटं नुसतं किंचाळणं ऐकायचं—मग खेळ सुरू. पहिल्या भागात चित्र एकही नाही. सगळी अक्षरं. 'तू दगडी दारापाशी उभा आहेस. उजवीकडे पायऱ्या. आत कुणीतरी खोकतंय.' काय करायचं ते आपण टाइप करायचं. मी वाचून मराठीत सांगायची, आब्बा बाजेवरून हुकूम सोडायचे. सुरुवातीलाच विचारतात—शिपाई होणार, जादूगार होणार की चोर? आब्बा म्हणाले, "चोर! चाळीस वर्सं फौंड्रीच्या साच्यांचे लाकडी पॅटर्न इमानदारीनं केले. आता जरा चोरी करून बघतो की!"

आठ महिन्यांत सातही दरवाजे फोडले आम्ही. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेल्यापासून भिंतीकडं तोंड करून बसलेला माणूस—खेळानं बोलता केला. फक्रूचे उपकार विसरणार नाही. लबाड असला तरी.

१० ऑगस्ट

जुन्या भागातला चोर कॅसेटवर जपून ठेवलाय. तोच नव्यात घेता येतो—त्याच्या ताकदीसकट, नशिबासकट, चोरलेल्या किल्ल्यांसकट. आब्बांना सांगितलं तर पोरासारखे खूश!

आणि खेळ सुरू झाला तर काय? अक्षरं गायब. सगळं चित्र. वरून बघितल्यासारखा किल्ला, हिरव्या भिंती, मधे पळणारा चोर, मागं पहारेकरी. फक्रू म्हणत होता, "जुन्यापेक्षा शंभरपट भारी." दिसतोय भारी, खोटं कशाला बोलू. पण मी "डावीकडून पहारेकरी येतोय" म्हणेपर्यंत चोर मेलेला. तीनदा मेला. जुन्यात आब्बा दारापाशी अर्धा तास विचार करत बसायचे आणि पहारेकरी गप उभा राहायचा. नव्याला दम म्हणून नाही.

आब्बा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ह्यो खेळ आंधळ्याचा न्हाय." आणि भिंतीकडं वळले.

१३ ऑगस्ट

तीन दिवस तेच. भिंत.

असं कसं सोडीन मी? दिवसभर उद्यमनगरातल्या कारखान्यात मशिनचे नकाशे ट्रेस करणारी बाई मी. किल्ल्याचा नकाशा होत नाही म्हणजे काय!

१६ ऑगस्ट, रविवार

जमलं! जमलं!! आब्बांचा जुना सोबती पिराजी फौंड्रीतली साचे थापायची काळी वाळू घमेलंभर घेऊन आला. परातीत थापली, पाणी मारलं, आणि स्क्रीनवर दिसेल तशी भिंत न् भिंत वाळूत उठवली. आब्बांनी बोटं फिरवली. आधी माझी एक भिंत सरळ केली ("ही काय भिंत म्हनायची?"), मग म्हणाले, "हितनं वळ. बोळातनं पळ. कोपऱ्यात दबा धरून बस." रस्ता आधीच ठरलेला, त्यामुळं माझी बोटं भराभर चालली. पहिला दरवाजा फुटला! पिराजीकाका टाळ्या वाजवत होते.

नवा भाग आता जुन्याहून चांगला वाटतोय.

२१ ऑगस्ट

दुसरा दरवाजाही फोडला. आब्बा दोन भाकऱ्या जास्त जेवले.

आब्बांची बहीण, अमीरबी फुपी, आली होती. परात बघितली, आब्बांची बोटं बघितली, आणि मला चुलीपाशी नेऊन म्हणाली, "ब्येस केलंस गं बाई. आता त्याला डोळं कशाला पायजेत? न्हाईतर कवातरी मिरजेला आपरेशनला गेला असता. मी सांगतो तुला, आता मरंस्तवर जात न्हाय!"

रागच आला.

२३ ऑगस्ट, रविवार

दोन दिवस डोक्यात तेच. फुपी खरं बोलली.

मिरजेचे डॉक्टर मे महिन्यातच म्हणाले होते—मोतीबिंदू फार पिकू दिला तर डोळ्यातला दाब वाढतो, मग ऑपरेशन करूनही उजेड येत नाही, दिवाळीच्या आत आणा. आब्बा ऐकत नाहीत. शमशुद्दीन चाचांचा एक डोळा ऑपरेशननंतर गेला, तेव्हापासून मिरजेचं नाव काढलं की ताट सरकवतात. आणि मी काय केलं? जुना खेळ वाचून दाखवला. नवा वाळूत उठवून दिला. आंधळेपण सोयीचं करून ठेवलं मीच!

जुना भाग डोळ्यांवाचून चालतो. नवा मागतोय डोळे. मागू दे.

२४ ऑगस्ट

वाळू पिराजीकाकांना परत केली. जुनी कॅसेट ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. आब्बांना स्पष्ट सांगितलं, "आजपासून काही वाचणार नाही, काही सांगणार नाही. मिरजेला चला, मग स्वतः बघून खेळा."

आब्बा म्हणाले, "तुझी आई असती तर असं बोलली नसती."

२७ ऑगस्ट

बोलत नाहीत. जेवत नाहीत धड. पिराजीकाका रस्त्यात अडवून म्हणाले, "म्हाताऱ्याला कशाला छळती गं?" छळते तर छळते. दिवाळी काही थांबणार नाही.

२९ ऑगस्ट

आज मी जास्तच वाईट वागले. त्यांच्यासमोर बसून नवा भाग एकटी खेळले. टुक टुक आवाज मुद्दाम मोठा ठेवला.

"कुठं पोचला?"

"बघा की."

"तिसरा दरवाजा का?"

"बघा की!"

आब्बांनी तांब्या भिरकावला. "आगं माझा चोर हाय त्यो!"

"चोर तुमचा, डोळेही तुमचेच. मला दोन्ही सांभाळायला जमणार नाही."

मग मोरीत जाऊन भरपूर रडले. पण बाहेर येऊन पुन्हा खेळायला बसले. आब्बा कान देऊन ऐकत होते. चोर मेला तेव्हा त्यांना आवाजावरूनच कळलं. चुकचुकले.

१ सप्टेंबर

सकाळी चहा पिताना, बशीवर तोंड झुकवून आब्बा:

"मिरजेची एस.टी. कितीला हाय?"

त्यांनीच पुढं विचारलं, "शमशुद्दीनगत डोळा गेला तर?"

"गेला तर जन्मभर वाचून दाखवीन. पण आधी चला."

"लई हट्टी हैस. कुणावर गेलीस कुनास ठाऊक."

९ सप्टेंबर

झालं. उजवा डोळा. पट्टी आहे. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन महिने थांबला असता तर काही खरं नव्हतं. त्यांच्यासमोर चक्क हात जोडले मी. आब्बा विचारतात, "चोराला कोण हात लावत न्हाय न्हवं?"

२५ ऑक्टोबर, रविवार

आब्बांना जाड भिंगाचा चष्मा मिळाला. मिरजेहून आले ते थेट टी.व्ही.समोर. नवा भाग लावून दिला. नाक काचेला टेकवून बघितलं त्यांनी. "ह्यो? ह्यो उवेएवढा माझा चोर? आन ह्यो किल्ला म्हनायचा? हॅत्! जुन्यात केवढा हुता!" मला हसू आवरेना.

मग माझ्याकडं वळले. बघतच राहिले.

"मेहमुदा, तुला चष्मा कवा लागला गं?"

दोन वर्षं झाली. लग्न जमेपर्यंत कुठं बोलायचं नाही म्हणून फुपीनं बजावलं होतं. मी ह्या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.