पोच दिली होती

नाना, तुम्ही गेल्यावर तुमच्या जागेवर अनुकंपा तत्त्वावर लागले त्याला वीस वर्षं होत आली. हल्ली नरडाण्याहून तालुक्याला जाणारी एसटी सुटताना दिसली तरी मी धावत नाही, पुढच्या गाडीची वाट बघते.

गेल्या महिन्यात हायकोर्टाच्या खंडपीठाचा निकाल आला. सहा वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयाने एका अंगणवाडी सेविकेला कामावरून काढलं होतं. ती मुलांना पोषण आहार कमी देते, अशी गावातल्या एकाची तक्रार होती. त्याला ती जागा सुनेसाठी हवी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनी नोटिशीचा खुलासा मुदतीत आणून दिला. मीच घेतला आणि त्यांच्या प्रतीवर शिक्का मारून सही केली. दोन दिवसांनी साहेबांनी मला आदेश टाईप करायला सांगितलं : खुलासा प्राप्त झाला नाही.

मी म्हटलं, "साहेब, आला आहे."

"फाईलला लागलाय का? नाही ना? मग टाईप करा."

मी टाईप केलं.

मी सातवीत असताना माझी कंपासपेटी हरवली, तेव्हा शेजारच्या मुलीला मी चोर म्हटलं होतं. तुम्ही जेवता जेवता उठलात, हात धुतलेत आणि मला तिच्या दारात नेऊन उभं केलंत. "आधी तिला विचार. मग काय बोलायचं ते बोल." पेटी शाळेतच सापडली. त्या दिवशी तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.

बाईंचं अपील फेटाळलं गेलं. त्या दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागल्या आणि तारखांना वकिलाकडे. सरकारी बाजूचं उत्तर तयार करायची वेळ आली तेव्हा नव्या साहेबांनी बाईंची ती शिक्क्याची प्रत माझ्यासमोर ठेवली. "सही तुमची?" मी हो म्हटलं. कोर्टाने लिहिलं, म्हणणं न ऐकताच काढलं, आदेश रद्द. नव्याने चौकशी करायची मुभा होती, पण तक्रारीत काही नव्हतंच. बाईंना परत घेतलं. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरलेत.

हजर व्हायला आल्या तेव्हा त्या माझ्या टेबलाशी थांबल्या. केस पार पांढरे झालेत. म्हणाल्या, "ताई, माले कोनी इचारं नही. तू शिक्का मारा म्हनीसन मी वाचनू."

मी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. आदेशातलं 'खुलासा प्राप्त झाला नाही' हे वाक्य कोणी टाईप केलं, हे त्यांना माहीत नाही. त्या माझा हात धरून बसल्या होत्या आणि मी दुसऱ्या हाताने त्यांचा चहा पुढे सरकवला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. त्यांना सांगायचं ते मी तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही आता मला कुणाच्या दारात नेऊन उभं करणार नाहीत.