घरधन्याचा हात

बाबा, तुम्हाला हसू येईल, पण मी ज्या ऑर्केस्ट्रात क्लॅरिनेट वाजवते तिथं सध्या युरोपातल्या चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या नाचांची तालीम चालू आहे. राजवाड्यांतले नाच. तेव्हा ते दोन-चार बासऱ्या नि एखाद्या ढोलावर व्हायचे, आता कुणीतरी अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी नव्यानं बांधलेत. व्हायोलिनं काय, पितळी वाद्यं काय, शेवटी तर असा दणका की खुर्ची हलते! परवा कंडक्टर म्हणाले, मुळात याला ठरलेला शेवट नव्हता, नाचणारे दमेपर्यंत तेच फिरून फिरून वाजवायचे. मी पटकन बोलून गेले, "म्हणजे आमची हळदच की!" सगळे हसले. मला मात्र तुम्ही दिसलात.

करंजाड्यातली हळद. मांडवात तुमचा बँड, बायाबापे बेभान नाचताहेत, आणि तुमच्या शेजारी पहिल्यांदाच उभी राहिलेली मी, गाणं संपलं म्हणून क्लॅरिनेट खाली घेते. नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. तुम्ही सगळ्यांदेखत खेकसता, "कुनी सांगलं थांबाला? घरधन्यानं हात वर केला का? तवर आपून थांबाचं नाय!" असा राग आला होता तुमचा! पण तो नियम अंगात भिनला. बँड स्वतःहून थांबत नाही, घरचं मोठं माणूस हात वर करतं तेव्हाच थांबतो.

म्हणून तर पनवेलच्या त्या दवाखान्यात तसं झालं. डॉक्टर तुमची छाती दाबत होते, एका तालात, घामाघूम होऊन. दाबतच होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, काही होत नाहीये. थांबू का?" आई तर आधीच गेलेली. घरातलं मोठं माणूस म्हणजे मीच. मी हात वर केला. ते थांबले. इतकी वर्षं झाली, अजून तो हात जड वाटतो.

उद्या कार्यक्रम आहे. क्लॅरिनेट तुमचंच. हे पत्र धाडायचं तरी कुठं, त्याच्याच पेटीत राहील. नाचाच्या शेवटी कंडक्टर हात वर नेतात, सगळे मिळून एक मोठा सूर, की संपलं. तो सूर मी तालमीत एकदाही वाजवलेला नाही. बोटं बरोबर ठेवते, फुंकत मात्र नाही. त्या गलक्यात कुणाला कळत नाही. उद्याही नाही फुंकणार, बाबा. एकदा थांबवलं माझ्या हातानं, तेवढं पुरे झालं.